अध्ययन अक्षमता असलेल्या मुलासाठी शाळेकडे नेमके काय मागावे?

प्रश्न (पालक, ठाणे):
माझा मुलगा मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत सहावीत शिकतो. तोंडी विचारले तर इतिहासाचा धडा तो कारणांसह सांगतो, पण उत्तरपत्रिकेत चार ओळींपुढे जात नाही, आणि ‘स्वराज्य’ हा शब्द एकाच पानावर तीन प्रकारे लिहितो. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आणल्यास दहावीला सवलती मिळतील, तोवर शाळेला करण्यासारखे काही नाही, असे वर्गशिक्षिका सांगतात. हे योग्य आहे का?

उत्तर (विशेष शिक्षिका):
योग्य नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचणीचा) समावेश 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात आहे, आणि त्याच्या कलम 16 मध्ये अनुदानित तसेच मान्यताप्राप्त शाळांनी ही अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यानुसार अध्यापनात बदल करावा, असे म्हटले आहे. परीक्षेतील वाढीव वेळ, लेखनिक (मुलाने सांगितलेले उत्तर लिहून देणारी व्यक्ती) आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी कलम 17 मध्ये येतात. शाळा बहुधा कलम 17 पाशीच थांबली आहे, कारण त्याला कागद पुरतो, कलम 16 ला मात्र रोजच्या तासाला कष्ट लागतात.

मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यात मोघम ‘सहकार्य करावे’ असे न लिहिता, फळ्यावरचा मजकूर छापील स्वरूपात मिळावा, घटक चाचणीत काही उत्तरे तोंडी घ्यावीत, शुद्धलेखनाचे गुण इतिहास-विज्ञानात कापू नयेत आणि सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावू नये, अशा मागण्या लिहा. समग्र शिक्षा अभियान या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतील विशेष शिक्षकांची मदत आपल्या शाळेला मिळू शकते का, हे गटसाधन केंद्रात (शाळांना मदत करणारे तालुका पातळीवरील सरकारी केंद्र) किंवा महानगरपालिकेच्या शिक्षण विभागात विचारा.

उत्तर (दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलीचे वडील):
अर्जासोबतच प्रमाणपत्राच्याही मागे लागा, कारण हे काम एका खेपेत उरकत नाही. डोळे व कान तपासून घेणे, बुद्ध्यांक चाचणी आणि वाचन-लेखन-गणिताची शैक्षणिक चाचणी एवढे सारे त्यात येते. खासगी मानसशास्त्रज्ञांचा अहवाल घरी अभ्यास कसा घ्यावा हे समजण्यास फार उपयोगी पडतो, परंतु बोर्डाच्या सवलतींसाठी शासनमान्य रुग्णालयाचेच प्रमाणपत्र लागते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. प्रगतिपुस्तके आणि मुलाच्या वह्या सोबत न्या. खाडाखोड असलेली वही मुद्दाम न्यावी, आपण नेमकी नीटनेटकी निवडतो.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. वेगळी वागणूक मिळाल्यास वर्गातील मुले त्याला ‘ढ’ ठरवतील, अशी भीती त्याच्या आजोबांना वाटते.

उत्तर (विशेष शिक्षिका):
ती भीती अनाठायी नाही. म्हणूनच छापील टिपणे संपूर्ण वर्गाला द्यावीत, असे सुचवून पाहा. इतरांचेही त्यात भलेच होते. मुलाला मात्र काहीही न लपवता सांगा. आपल्याला का जमत नाही याचे कारण त्याने मनाशी बांधलेले असते, आणि ते बहुतेक वेळा ‘मी आळशी आहे’ असेच असते.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक):
एक सावधगिरी. दहावीला गणिताऐवजी सोपे अंकगणित घेण्याची सवलत ऐकून घाई करू नका. पुढे विज्ञान शाखा किंवा अभियांत्रिकी पदविका हवी असेल, तर ती वाट तेथेच अडते. आपल्या मुलाची अडचण लेखनाची दिसते. त्याला वाढीव वेळ आणि लेखनिक पुरेसे ठरू शकतील. लेखनिक खालच्या इयत्तेतील असतो, म्हणून उत्तर सलग तोंडी सांगण्याचा सराव आठवीपासूनच करून घ्यावा.