एकच पेटी, तीन चेहरे आणि फाटलेला बेस

वाशिष्ठीकाठची
नमस्कार मंडळी. मी चिपळूणला घरच्या घरी पार्लर चालवते, नऊ वर्षं झाली. रोजचा धंदा थ्रेडिंग-वॅक्सिंगचा, मे महिन्यात नवऱ्यामुली. आजवर कुणाची तक्रार आली नाही, म्हणून मीही माझी पद्धत कधी तपासून बघितली नाही. परवाच्या लग्नाच्या मेकअपच्या ट्रायलला मात्र नाक कापलं गेलं.

एकाच घरातल्या तिघी होत्या. नवरी, तिची धाकटी बहीण (करवली) आणि आई. माझं ठरलेलं असतं: फेसवॉश, रंध्रं बुजवणारा सिलिकॉनवाला प्राइमर, मॅट फाउंडेशन, वरून लूज पावडर हात सैल सोडून. कोकणातल्या घामावर पावडरीसारखं औषध नाही, असं मी समजत आले.

नवरीची त्वचा तेलकट, हनुवटीवर दोन-चार पुटकुळ्या. आधीच एवढं तेल, म्हणून मॉइश्चरायझर मी वगळला. दोन तास बरे गेले. मग नाकाच्या कडेने बेस (फाउंडेशनचा थर) फुटला आणि ओठांवर घामाचे थेंब उभे राहिले. मी पावडर मारली. परत तेल, परत पावडर. चौथ्या वेळी पोरगी रव्यात घोळवलेल्या सुरमईसारखी दिसायला लागली.

धाकटीचं तर वीस मिनिटांतच बिनसलं. नाकाच्या कोपऱ्यात आणि गालांवर बारीक पापुद्रे वर आले, आणि फाउंडेशन नेमकं त्यांनाच धरून बसलं. आई ५४ वर्षांच्या. हसल्या की डोळ्यांखाली पावडरीच्या रेघा. आरशात बघून म्हणाल्या, "म्हणजे मी लग्नात हसायचंच नाही का गं?" मला काय बोलावं सुचेना.

लग्न १२ दिवसांवर आलंय. मुहूर्त दुपारचा, हॉलला एसी नाही, पंखे आहेत. पॅकेज ठरून गेलंय, तेव्हा तीन वेगळी किट घेणं मला जमणार नाही. आहे त्याच पेटीत काही करता येईल का?

संत्रानगरी
ताई, मी नागपूरची, वीसेक वर्षं याच धंद्यात. तुमचं उलटं माझ्याबाबतीत झालं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की क्रीमवर क्रीम चढवायची सवय. तोच थाट घेऊन एकदा अलिबागला लग्नाला गेले आणि मंगलाष्टकं संपायच्या आत नवरीच्या मुंडावळ्यांखालून बेस ओघळला. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

पेटी एकच ठेवा. बदलायचं ते बेसच्या खाली काय जातं आणि पावडर कुठे पडते एवढंच.

आधी एक सांगा, दोघी बहिणी एकच फेसवॉश वापरतात का?

वाशिष्ठीकाठची
आत्ताच फोन करून विचारलं. हो! बाथरूममध्ये एकच बाटली, मोठीच्या पिंपल्ससाठी आणलेली, सॅलिसिलिक अ‍ॅसिडवाली. धाकटी दिवसातून तीनदा त्यानेच तोंड धुते.

संत्रानगरी
मग धाकटी जन्माची कोरडी आहे असं धरून चालू नका. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, रंध्रात शिरून तेल काढतं. मोठीला ते हवंच आहे. धाकटीकडे काढण्यासारखं तेल मुळात कमी, त्यात तीन वेळा धुणं. कातडी तहानली असेल. बाटली आजच बंद करा, साधा सौम्य फेसवॉश दोन वेळा आणि ओलसर चेहऱ्यावर ग्लिसरीन किंवा सेरामाइडवालं क्रीम. आठवड्याभराने तिला सकाळी तोंड धुवून तासभर काहीही न लावता बसवा. मग टिश्यूचे तुकडे कपाळ, नाक, गाल, हनुवटीवर दाबा. कुठला तुकडा तेल पितो ते बघा आणि मगच तिचा प्रकार ठरवा.

आता नवरी. मॉइश्चरायझर वगळू नका, जेलवाला पातळ लावा आणि दहा मिनिटं हात लावू नका. प्राइमर फक्त नाक, त्याच्या शेजारचे गाल आणि कपाळाचा मधला भाग. फाउंडेशन दोन पातळ थरांत, ओल्या ब्लेंडरने, म्हणजे मेकअपच्या स्पंजने, दाबत. घासायचं नाही. तुमचा प्राइमर सिलिकॉनचा आहे, फाउंडेशनच्या बाटलीवर पहिलंच नाव पाण्याचं असलं तर हाताच्या पाठीवर दोन्ही एकावर एक लावून चोळून बघा. गोळे निघाले तर ती जोडी चेहऱ्यावर नको.

आणि घामावर, तेलावर थेट पावडर कधीच नाही. आधी टिश्यूने टिपा, मग पफ दाबा. तुमची सुरमई तिथेच झाली. ओल्यावर रवा चिकटणारच!

आईंना प्राइमर नकोच. क्रीम मुरू द्या, जादाचं टिश्यूने उचला, त्याच फाउंडेशनमध्ये थेंबभर क्रीम मिसळून पातळ करा. पावडर फक्त नाकाला, डोळ्यांखाली अजिबात नाही. ब्लशही पावडरचा नको, लिपस्टिकच बोटाने गालावर थोपटा.

हळदकुंकू_८२
एवढा खटाटोप कशाला? नवरीला रोज लिंबू चोळायला सांगा, तेल आपोआप जाईल. आमच्या आजीचा उपाय.

गुरुवारची_ओपीडी
लिंबू कृपा करून नको. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की चट्टे उठतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. मे महिन्यात असे रुग्ण येतात, आणि आजीचं नाव सगळेच सांगतात.

बाकी वरचा सल्ला योग्य आहे. माझ्याकडून दोनच गोष्टी. नवीन काहीही लावणार असाल तर आज कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघा. आणि फेशियल, ब्लीच लग्नाच्या आठवड्यात नको. पुटकुळ्यांवर गोळ्या चालू आहेत का, हे नवरीला नक्की विचारा. आयसोट्रेटिनॉइन घेत असेल तर चेहऱ्याचं वॅक्सिंग करू नका, कातडी सोलून निघते.

संत्रानगरी
डॉक्टर बोलले म्हणून आठवलं, ताई, हळद आदल्या रात्री आहे ना? तेलात कालवलेली असते आणि नुसत्या फेसवॉशने उतरत नाही. पिवळेपणा राहिला तर फाउंडेशनची शेड चुकल्यासारखी वाटते, आणि खाली तेल राहिलं तर सगळं सरकतं. हळदीचा रंग तेलातच सुटतो. आधी कापसावर साधं तेल घेऊन पुसा, मग फेसवॉश. दुसऱ्या ट्रायलला मोबाइलचा फ्लॅश मारून फोटोही काढा. काही पांढऱ्या पावडरी आरशात दिसत नाहीत आणि फोटोत चुना फासल्यासारख्या उमटतात.

वाशिष्ठीकाठची
परवा लग्न पार पडलं. सांगायला उशीर झाला, काल दिवसभर झोपले होते.

दुसऱ्या ट्रायलला हाताच्या पाठीवर चोळून बघितलं तर खरंच गोळे निघाले. प्राइमर पेटीच्या तळाशी टाकला आणि नवरीला जेलवरच फाउंडेशन लावलं. माझी लाडकी पावडर फ्लॅशमध्ये पांढरी आली, ती बदलावी लागली. तेवढाच खर्च, ३५० रुपये.

धाकटीचे पापुद्रे आठव्या दिवशी गेले. टिश्यू लावून बघितला तर नाकावरचा तुकडा चक्क ओला! म्हणजे पोरगी मिश्र त्वचेची निघाली आणि मी तिला कोरडी म्हणत बसले होते. नाकाला पावडर, गाल मोकळे.

नवरीला सकाळी साडेआठला बसवलं. हळदीसाठी खोबरेल कापसावर घेतलं तर कापूस केशरी झाला, दोन वेळा पुसावं लागलं. मुहूर्तानंतर लाजाहोमाचा धूर, वर ते पंखे. मी खिशात टिश्यू घेऊन करवलीच्या मागे उभी. नाक आणि ओठांच्या वर चार वेळा टिपलं, पावडर एकदाच. साडेतीनपर्यंत टिकलं. हनुवटीवर एक पुटकुळी शेवटी डोकावलीच, तिला मी सोडून दिलं.

आई सकाळपासून हसत होत्या. पाठवणीला मात्र बांध फुटला आणि पदराने उजवा गाल खसाखसा पुसून काढला. माझ्या पोटात गोळा. जवळ जाऊन बघितलं तर बेस इतका पातळ होता की पुसलेला गाल आणि न पुसलेला गाल मलाच ओळखू येईना. पदराला मात्र डाग पडला. नारायणपेठी आहे. तो कशाने जाईल, कुणी सांगेल का?