एलियनचे पुढचे भाग: तिसऱ्यावर एवढा राग कशासाठी?

निशाचर

स्पॉयलर भरपूर आहेत. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं.

१९७९ चा रिडली स्कॉटचा 'एलियन' स्पर्धेत धरत नाही, तो देव्हाऱ्यात. त्यानंतरचे सहा घेऊ: एलियन्स (१९८६), एलियन ३ (१९९२), रेझरेक्शन (१९९७), प्रोमिथियस (२०१२), कव्हनंट (२०१७) आणि रोम्युलस (२०२४). प्रिडेटरबरोबरच्या कुस्त्या नकोत. तुमची क्रमवारी काय? आणि तिसऱ्या भागाचं नाव काढलं की मंडळी नाक का मुरडतात? माझ्या भाच्याने सध्या फक्त रोम्युलस पाहिलाय, आणि कुठल्याशा यादीत तिसरा तळाला दिसला म्हणून तो थेट गाळायच्या बेतात आहे.

माझी क्रमवारी आधीच सांगून टाकतो, म्हणजे दगड मारणाऱ्यांची सोय होईल. एलियन्स पहिला. दुसरा नंबर एलियन ३ चा, पण २००३ साली डीव्हीडीच्या संचात आलेल्या असेंब्ली कटचा (म्हणजे लांब आवृत्तीचा), थिएटरात दाखवलेल्याचा नव्हे. मग रोम्युलस, मग प्रोमिथियस. उरलेल्या दोघांत तुम्ही भांडा.

माझ्या लेखी ही मालिका त्या परग्रहावरच्या जनावराची नाही, त्याच्याशी झुंजणाऱ्या रिप्लीची (सिगर्नी वीव्हर) आहे. एलियन्सच्या लांब आवृत्तीत सुरुवातीला एक छोटासा प्रसंग आहे. ५७ वर्षं अंतराळात झोपून परत आलेली रिप्ली बाकावर बसलीये. समोर झाडं, हिरवळ, उजेड. ती हातातलं बटण दाबते आणि झाडं विझतात. भिंतीवरचा पडदाच तो. मग कंपनीचा बर्क येतो आणि एका म्हाताऱ्या बाईचा फोटो हातात देतो. ती रिप्लीची मुलगी. तुझ्या अकराव्या वाढदिवसाला परत येते, असं सांगून आई निघाली होती. मुलगी ६६ व्या वर्षी वारली. (फोटोतली बाई म्हणजे सिगर्नी वीव्हरची खरीखुरी आई, अभिनेत्री एलिझाबेथ इंग्लिस.) हा प्रसंग थिएटरच्या आवृत्तीतून उडवला होता. तो नसेल तर न्यूट ही वाचवायची एक मुलगी, एवढंच उरतं. तो असेल तर पुढचे दोन तास वेगळेच दिसतात.

आणि तिसरा भाग सुरू होतो तो ही दुसरी मुलगी, न्यूटही, गेल्यापासून. लोकांना तिथेच राग येतो. मला तिथेच सिनेमा सुरू झाल्यासारखा वाटतो.

बे_एरियातला_बंड्या

घ्या, पहिला दगड माझा.

निशाचर साहेब, दोन तास जिवाच्या आकांताने ज्या पोरीला वाचवलं, तिला पुढच्या भागाच्या श्रेयनामावलीतच मारायचं? आणि तिच्याबरोबर वाचलेल्या सैनिक हिक्सलाही? तो साकारणाऱ्या मायकल बीनला तर बोलावलंच नाही, नुसता फोटो वापरला. त्याचे पैसे त्याने चोख वाजवून घेतले ते बरं केलं. एलियन्सचा दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनने स्वतः या प्रकारावर जाहीर नाराजी बोलून दाखवली आहे. शिवाय पहिल्या टीझरमध्ये पृथ्वीवर गोष्ट घडणार असं सूचित केलं होतं. प्रत्यक्षात काय, तर तुरुंगाचा ग्रह, पंचवीस टकलू, सगळ्यांचे कपडे एकसारखे, सगळे एकाच बोळातून पळतायत. कोण मेला ते कळायच्या आत पुढचा मेलेला असतो.

आणि ते जनावर! दांड्यांवर नाचवलेलं बाहुलं वेगळं चित्रित करून वरून चिकटवलंय, कडा हिरव्या दिसतात. तेरा वर्षं आधीच्या सिनेमात पोशाख घातलेला एक उंच माणूस जास्त खरा वाटत होता.

माझी क्रमवारी: एलियन्स, रोम्युलस, प्रोमिथियस, रेझरेक्शन, मग चहा, मग एलियन ३.

साऊंडवाला

तिसऱ्याच्या भांडणात पडत नाही. एलियन्स पहिला का, ते कानाच्या बाजूने सांगतो, कारण पोट त्यावरच भरतो.

तो प्रसंग आठवा. दारं वेल्ड करून सगळे आत कोंडून बसलेत आणि हातातल्या, हालचाल टिपणाऱ्या ट्रॅकरची पिकपिक वाढत चाललीये. अंतर कमी होत होत खोलीच्या लांबीपेक्षाही कमी होतं. म्हणजे ते आत आहेत. पण खोली तर रिकामी! पडद्यावर काही म्हणजे काही नाही, फक्त घामाघूम चेहरे आणि तो आवाज. मग हिक्स वर चढतो आणि छताचा पत्रा उचलतो. मिनिटभर जनावर न दाखवता नुसत्या आवाजावर प्रेक्षकाला खुर्चीच्या टोकाशी आणून बसवायचं, हे काम सोपं नाही. ध्वनिप्रभाव संकलनाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. दृश्यप्रभावांचंही मिळालं.

जेम्स हॉर्नरची तर दया येते. तो संगीत करायला लंडनला पोचला तेव्हा संकलनच चालू होतं. वेळ इतका कमी मिळाला की कॅमेरॉनशी बिनसलं. तरी त्या घाईतल्या कामाला ऑस्करचं नामांकन! पुढे दोघं एकत्र आले ते थेट 'टायटॅनिक'ला.

अवांतर: जनावरांचं ते घरटं लंडनच्या अ‍ॅक्टन लेनमधल्या बंद पडलेल्या वीजकेंद्रात उभारलं होतं. त्यामुळे त्या भिंती खोट्या वाटत नाहीत. तिथलं गंजलेलं लोखंड खरंच आहे.

अळीमिळी

चौथ्याला कुणीच वाली नाही असं दिसतंय, म्हणून आले. कीटकशास्त्र शिकवते, तेव्हा जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

कुंभारीण माशी सगळ्यांनी पाहिली असेल, खिडकीच्या चौकटीत मातीचं घर करते ती. आत अळी नाहीतर कोळी आणून ठेवते. तो मेलेला नसतो, डंख मारून नुसता लुळा केलेला असतो. शेजारी अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेलं पिल्लू तो जिवंत साठा खात खात मोठं होतं. १९७९ च्या सिनेमात जहाजावरच्या केनची जी गत होते ती अशीच, फक्त इथे पिल्लू छाती फोडून बाहेर येतं. आता आपल्याकडच्या जुन्या लोकांनी हेच घर पाहून काय निष्कर्ष काढला? अळी आत गेली, माशी बाहेर आली, म्हणजे भीतीने तिचंच ध्यान करता करता अळीची माशी झाली. हाच तो भ्रमर-कीटक न्याय, कीर्तनात ऐकलेला असेल.

रेझरेक्शन म्हणजे अगदी हा न्याय आहे! जनावराचा इतका काळ पिच्छा पुरवलेली, तिसऱ्याच्या शेवटी मेलेली रिप्ली २०० वर्षांनी क्लोन होऊन उठते ती अर्धी तेच होऊन. रक्तात आम्ल, वास घेण्याची पद्धत त्यांची, आणि राणीशी नातं जडलेलं. ती क्रमांक ८. आधीच्या सात फसलेल्या प्रतींची खोली तिला सापडते. सहा बरण्यांत आहेत, सातवी जिवंत आहे आणि मारून टाक म्हणून विनवते. वीव्हर काही न बोलता सगळी खोली जाळते. बाहेर उभ्या असलेल्या रॉन पर्लमनला मात्र दारूगोळा फुकट का घालवला हेच कळत नाही. माझ्या मते सबंध मालिकेत वीव्हरचं याहून चांगलं काम फार तर एकदा झालं असेल.

शेवटी ते पांढरं बाळ येतं तिथे सिनेमा माती खातो, मान्य. पण पाण्याखालचा पाठलाग बघा, दरियुस खोंजीचा कॅमेरा बघा. आणि तो बास्केटबॉल वीव्हरने पाठमोरी उभी राहून खरोखर टाकलाय, कसलीही लबाडी नाही. चेंडू जाळीत पडल्यावर पर्लमन भूमिका विसरून चकित झाला, त्यामुळे तो तुकडा जेमतेम वापरता आला.

मी: एलियन्स, रेझरेक्शन, एलियन ३, रोम्युलस, बाकीचे दोन एकाच फडताळात.

पॉपकॉर्न_आजी

अळीमिळी ताई, वाखू (वाचनखूण) साठवली. उद्यापासून खिडकीतल्या त्या घराकडे बघवणार नाही.

निशाचर

अळीमिळी ताई, हे भारी आहे. रेझरेक्शन एक पायरी वर सरकला. एकच.

बंड्या, बाहुल्याच्या कडा मान्य. अर्थात त्याच कामाला दृश्यप्रभावांचं ऑस्कर नामांकन मिळालं होतं, पण तेव्हाही ते खटकत होतं. टकल्यांचा पाठलाग गोंधळाचा आहे, तेही मान्य. पण हा सिनेमा कसा झाला ते बघ. आधी विल्यम गिब्सनपासून कितीतरी जणांनी पटकथा लिहिल्या, त्या बाजूला पडल्या. मग व्हिन्सेंट वॉर्डने लाकडी ग्रह आणला, त्यावर यंत्रं न मानणारे साधू. तोही गेला. पण सेटचं काम सुरू झालेलं, प्रदर्शनाची तारीख ठरलेली. मग साधूंचा मठ तुरुंगाला जोडला आणि हे सगळं डेव्हिड फिंचरच्या गळ्यात मारलं. पोरगा तिशीच्या आतला, आधी म्युझिक व्हिडिओ आणि जाहिराती केलेल्या, हा पहिलाच सिनेमा. पूर्ण पटकथा हातात नसताना चित्रीकरण सुरू. छायालेखक जॉर्डन क्रोननवेथ पार्किन्सनमुळे लवकरच थांबला, त्याच्या जागी अ‍ॅलेक्स थॉमसन आला. शेवटी संकलनही स्टुडिओच्या मनासारखं झालं. फिंचरने या सिनेमाशी असलेलं नातं तोडलं ते तोडलंच. असेंब्ली कटलाही त्याने हात लावला नाही.

आणि त्या कटमध्ये अर्धा तास जास्त आहे. सुरुवातीला समुद्रकिनारा, क्रेनचे सांगाडे, वारा, आणि चार्ल्स डान्सचा डॉक्टर क्लेमन्स एकटा चालत येऊन रिप्लीला शोधतो. कुत्र्याऐवजी बैल आहे. मुख्य म्हणजे गॉलिक. थिएटरच्या आवृत्तीत हा वेडा कैदी मधेच गायब होतो. इथे सगळे मिळून जनावराला कोंडतात, आणि गॉलिक त्याला देव मानून मोकळं सोडतो. हा दुवाच काढून टाकल्यावर पिक्चर लंगडा वाटणारच. रिप्लीच्या भट्टीतल्या शेवटच्या उडीतही फरक आहे. थिएटरमध्ये पडता पडता तिच्या छातीतून पिल्लू बाहेर येतं आणि ती त्याला धरून ठेवते. असेंब्लीत ती फक्त मागे झुकते आणि जाते. मला दुसरं पटतं.

न्यूटच्या मरणाबद्दल: ते फुकटचं केलं असतं तर मी तुझ्या बाजूला होतो. पण ते शवविच्छेदन आठव. रिप्ली क्लेमन्सला कॉलऱ्याची भीती सांगते. तो डॉक्टर, त्याला ते पटत नाही, तरी करतो. करवत चालू होते आणि आपल्याला बराच वेळ रिप्लीचा चेहरा बघायला लागतो. तिला पोरीच्या छातीत काय आहे ते बघायचंय आणि बघायचं नाहीये. यात राक्षस नाही, पाठलाग नाही. तरी इतकी भीती मला रोम्युलसभर वाटली नाही.

बे_एरियातला_बंड्या

करवतीचं मानलं. बाकीचं नाही.

रोम्युलसला मात्र नावं ठेवू नका. इतक्या वर्षांनी कुणीतरी खरे पोशाख, खरी बाहुली, खरे सेट वापरले. गुरुत्वाकर्षण बंद करून तरंगणाऱ्या आम्लातून वाट काढायची कल्पना मालिकेत आधी कुणाला सुचली नव्हती. अँडी हा यंत्रमानव झालेल्या डेव्हिड जॉन्सनने तर पिक्चर खिशात घातला.

साऊंडवाला

अँडी उत्तम, पण रूक? या यंत्रमानवाला पहिल्या भागातल्या इयन होमचा चेहरा दिलाय, आणि ते २०२० मध्ये गेले. कुटुंबाची परवानगी होती, ठीक. पण थिएटरात तो चेहरा तोंड हलवायला लागला की माझं लक्ष गोष्टीवरून उडून ओठांवर जात होतं. घरी बघायच्या आवृत्तीत त्यांनी ते शॉट दुरुस्त केले, खऱ्या बाहुल्याचा भाग वाढवला. म्हणजे त्यांनाही ते खटकलंच ना? आणि शेवटाकडे अँडीच्या तोंडी रिप्लीचा एलियन्समधला तो प्रसिद्ध संवाद कोंबलाय, तिथे मी कपाळाला हात लावला. २१४२ साली घडणाऱ्या गोष्टीत ३७ वर्षांनंतरचा संवाद!

डेव्हिडचा_बाप

सगळ्यांनी प्रोमिथियस आणि कव्हनंटला सावत्र वागवलंय, म्हणून निषेध. मायकल फासबेंडरचा डेव्हिड हा रिप्लीनंतरचा या मालिकेतला एकमेव मोठा माणूस आहे, आणि तो माणूस नाही, यंत्रमानव आहे. सगळे झोपलेले असताना जहाजावर एकटा सायकल चालवतो, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' बघत केस तसे रंगवतो. आपल्याला घडवणारे आपल्याहून सामान्य निघाले तर काय, हा त्याचा प्रश्न आहे. मेलेल्या पोरीच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरण्यापेक्षा तो मोठा प्रश्न आहे. प्रोमिथियस दुसरा, कव्हनंट तिसरा. परग्रहावर हेल्मेट काढणाऱ्या शास्त्रज्ञांवरचे विनोद ऐकून कंटाळा आलाय, ते नकोत.

निशाचर

हेल्मेटबद्दल गप्प बसतो.

पण डेव्हिडपंत, एक सांगा. न्यूटला पडद्याबाहेर मारलं म्हणून तिसऱ्याला तीस वर्षं शिव्या बसतायत. प्रोमिथियसची नायिका एलिझाबेथ शॉ त्या नरकातून जिवंत सुटते, डेव्हिडचं मुंडकं पिशवीत घालून निघते. तिचं काय झालं? दोन सिनेमांच्या मधल्या मोकळ्या जागेत डेव्हिडने तिला मारलं. कव्हनंटमध्ये तिचा फाडलेला देह आणि काही चित्रं दिसतात, संपला विषय. तिच्यासाठी दोन मिनिटं थांबायलाही त्या सिनेमाकडे वेळ नाही. न्यूट आणि हिक्ससाठी कैद्यांचा म्होरक्या डिलन भट्टीच्या काठावर उभा राहून बोलतो. ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नाही असे कैदी गोल करून उभे असतात, आणि रिप्लीच्या नाकातून रक्त येतं.

डेव्हिडचा_बाप

शॉचं खरंय. मलाही खटकलं होतं. तरी तुमचा तिसरा माझ्याकडे चौथाच राहील, असेंब्ली कट धरून.

बे_एरियातला_बंड्या

थिएटरवाला धरला तर?

डेव्हिडचा_बाप

तर तुमच्या चहाच्या खाली.