अंतराळातला, अंगावर काटा आणणारा गेम सुचवा. जुना पीसी, शेजारी माग, लाईटचा भरवसा नाही

पूर्वभागकर

मंडळी, एक गेम सुचवा. अंतराळयान, स्पेस स्टेशन, समुद्राखालची प्रयोगशाळा, असलं काहीतरी हवंय. आपण एकटे, गोळ्या मोजक्या आणि मागं काहीतरी लागलेलं. शहरात झॉम्बी मारत फिरायचे गेम लई झाले. आणि गड्डा जत्रेतल्या भूतबंगल्यासारखं दर दोन मिनिटाला कुणीतरी "भ्वॉ" करून अंगावर येणार असेल तर नको. दचकायचं नाहीये, भ्यायचंय.

मशीन: आय-फाइव्ह चौथ्या पिढीचा, ८ जीबी रॅम, १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, साधी हार्डडिस्क, १०८०पी मॉनिटर. घर सोलापुरात अशोक चौकाकडं, भिंतीला लागून टॉवेलचा कारखाना. दिवसभर मागाचा खडखडाट, त्यामुळे खेळणं रात्रीच. लाईट कधी जाईल नेम नाही. सेलमध्ये घेणार, क्रॅक म्हणजे चोरीची कॉपी सांगू नका.

कडक_भाकरी

एलियन आयसोलेशन. विषय संपला बे.

जुळे_सोलापूर

संपला म्हणून कसं चालेल, कारण तर सांग त्याला.

आयसोलेशन २०१४ चा. बनवला ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्लीनं, म्हणजे टोटल वॉरवाल्यांनी. तोवर हजारो सैनिकांच्या लढाया बनवणारी मंडळी, आणि इथं खरा शत्रू एकच. कथा १९७९ च्या एलियन सिनेमानंतर पंधरा वर्षांनी घडते. एलेन रिप्लीची मुलगी अमांडा आईचा माग काढत सेवास्तोपोल नावाच्या स्टेशनवर येते. स्टेशन मोडीत काढायला आलेलं, माणसं थोडी उरलेली, तीही एकमेकांवर बंदुका रोखून.

एलियन मरत नाही. रिव्हॉल्व्हर मिळतं, त्याचा त्याच्यावर काडीचा उपयोग नाही. फ्लेमथ्रोअर मिळाला की जिवात जीव येतो, पण आगीनं तो फक्त माघार घेतो, आणि तुझं इंधन संपत जातं. त्याची फेरी पाठ करू म्हणशील तर तेही जमत नाही, कारण गेमच्या आत दोन मेंदू आहेत. एकाला तू कुठं आहेस हे कायम माहीत असतं, पण तो एलियनला नेमकी जागा सांगत नाही. "त्या अंगाला बघ" एवढंच सुचवतो. दुसरा एलियनचा स्वतःचा, तो कानानं आणि डोळ्यानं शोधतो. तुझ्यावर ताण फार झाला की पहिला त्याला थोडा वेळ लांब पाठवतो, तेव्हा तू कामं उरकून घ्यायची. आणि गेम पुढं सरकेल तशी त्याची नवी वागणूक उघडत जाते, त्यामुळे सुरुवातीला चाललेली युक्ती शेवटपर्यंत पुरत नाही.

दिसायला म्हणशील तर सत्तरच्या दशकात कल्पिलेलं भविष्य. जाड टीव्ही, टेप, हिरवी अक्षरं. पडद्यांवरची दृश्यं बनवणाऱ्यांनी ती खरोखर व्हीएचएस टेपवर उतरवून, टेप बिघडवून परत गेममध्ये घातली. ते थरथरणं नकली वाटत नाही ते त्यामुळेच.

तुझ्या कार्डावर हाय सेटिंगला सेकंदाला ६० फ्रेम आरामात. त्याची कमीत कमी मागणी ४ जीबी रॅम आणि १ जीबीचं कार्ड, बास. डिस्कवर ३५ जीबी मोकळी ठेव.

पूर्वभागकर

हे मस्तय. पण मधेच लाईट गेली तर कुठून सुरू होतं?

जुळे_सोलापूर

तिथंच तर गंमत आहे. कुठंही सेव्ह होत नाही. भिंतीवर ठरावीक ठिकाणी यंत्रं आहेत. जवळ जायचं, कार्ड घालायचं आणि थांबायचं. एक दिवा, दुसरा दिवा, तिसरा दिवा, प्रत्येकाला टूं करून आवाज. तेवढा वेळ तुझं तोंड भिंतीकडं आणि पाठ अख्ख्या स्टेशनकडं. जवळपास कुणी असेल तर यंत्र तसं सांगतं, पण अडवत नाही. तुझं तू ठरव. दुसरा दिवा लागला आणि छातीतून शेपूट बाहेर आली, असं माझ्या बाबतीत झालंय, आणि मग अर्ध्या तासाचा गेम पुन्हा.

म्हणजे लाईट गेली तर मागच्या यंत्रापासून. एलियननं मारलं काय आणि महावितरणनं मारलं काय, हिशोब एकच.

फॅन_साफ_करा

मी पीसी दुरुस्तीचं काम करतो, म्हणून लाईटवर बोलतो. गेमचं बाकीचे सांगतील.

१०५० टीआय फक्त ७५ वॅटचं कार्ड. मॉनिटर धरून तुझा सगळा सेट गेम खेळताना दोनशे वॅटच्या आत बसतो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस घे, बॅटरी धड असेल तर पाचेक मिनिटं नक्की मिळतात. तेवढ्यात जवळच्या यंत्रापर्यंत पळता आलं तर पळ. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडला आहे का बघ. दुसऱ्या मोडला लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जरा वेळ घेतो, पंख्याला ते कळतही नाही, पीसी मात्र बंद पडून परत चालू होतो. "इन्व्हर्टर असून कॉम्प्युटर बंद पडतो" म्हणून जे पीसी माझ्याकडं येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं घरी जाऊन ते बटणच बदलावं लागतं.

दुसरं, अशोक चौक म्हणालास. मागाजवळच्या घरातला पीसी उघडला की प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाची गादी निघते. वरून पंखा फिरताना दिसतो, पण खालच्या पट्ट्यांत तंतू असे दाबून बसलेले असतात की वारा पलीकडं जातच नाही. आधी ते उघडून साफ कर, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदल, मग गेम टाक. त्यात आपला एप्रिल-मे. गेम अडखळायला लागला की लोक कार्डाला शिव्या देतात.

शेंगाचटणी

सगळे एकाच गेमवर बसलात. मुलानं "दचकायचं नाहीये, भ्यायचंय" असं लिहिलंय, त्यासाठी सोमा.

२०१५ चा, स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा. सायमन जॅरेट नावाचा टोरंटोचा साधा माणूस. गाडीच्या अपघातानंतर मेंदूचं स्कॅन करून घ्यायला एका खुर्चीत बसतो. डोळे उघडतो ते समुद्राच्या तळाशी, पाथोस-टू नावाच्या केंद्रात, आणि साल २१०४. हे पहिल्या काही मिनिटांतलंच आहे, त्यामुळे सांगितलं. पुढचं कुणी विचारलं तरी सांगणार नाही आणि यूट्यूबवर अजिबात बघू नकोस.

एकच जागा सांगते. सुरुवातीच्या भागात एक मोडकं यंत्र जमिनीवर पडलेलं भेटतं. धड हातपाय नाहीत, वायरी बाहेर. ते अगदी सहज गप्पा मारतं, कारण त्याला वाटतंय आपण माणूस आहोत, फक्त जरा जखमी झालोय. त्याला कसं सांगणार? आणि पुढं जायचं तर त्याच्या विजेचं काय करायचं, हे तुला ठरवावं लागतं. गेम गुण देत नाही, शिक्षा करत नाही. तू एक खटका ओढतोस आणि चालायला लागतोस.

हत्यार एकही नाही. राक्षस नकोसे वाटले तर २०१७ मध्ये त्यांनी सेफ मोड दिलाय, त्यात ते दिसतात पण मारत नाहीत. आपोआप सेव्ह होतो, लाईटची फार चिंता नाही. तुझ्या पीसीवर सहज चालेल. संवाद इंग्रजीत आहेत आणि सगळा जीव संवादांतच आहे, तेव्हा सबटायटल चालू ठेव आणि घाई करू नको.

कडक_भाकरी

सोमा म्हणजे चाल, कागद वाच, चाल, कागद वाच. त्यातले राक्षस तर नुसती अडगळ.

शेंगाचटणी

राक्षस अडगळ आहेत, मान्य. म्हणूनच सेफ मोड सांगितला की ओ. कागद वाचायचा कंटाळा असेल तर तो गेमचा दोष नाही.

सात_रस्ता

भांडू नका. मधला मार्ग: डेड स्पेस, पण २००८ चा जुना. आयझॅक क्लार्क सैनिक नाही, इंजिनिअर आहे, इशिमुरा नावाच्या खाणजहाजावर दुरुस्तीला जातो. हत्यार म्हणजे खाणीतलं कापायचं अवजार. समोरच्याच्या डोक्यात गोळी घालून फायदा नाही, हातपाय तोडावे लागतात. तब्येतीची पट्टी स्क्रीनच्या कोपऱ्यात नसून त्याच्या सूटवर, पाठीच्या कण्यावर उजळते. स्क्रीनवर दुसरं काही नाहीच. अजूनही यापेक्षा सुबक तोडगा मी पाहिला नाही.

दोन इशारे. पीसीवर माऊस चिखलात अडकल्यागत चालतो. गेममधलं व्ही-सिंक (चित्राचा वेग मॉनिटरशी जुळवणारी सेटिंग) बंद करून कार्डाच्या सेटिंगमधून लाव, पुष्कळ सुधारतो. आणि २०२३ चा नवीन डेड स्पेस घेऊ नको, तो कमीत कमी १०७० कार्ड आणि १६ जीबी रॅम मागतो. बाकी तुझ्या भूतबंगल्याच्या अटीत हा नापास होईल, व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या झरोक्यांतून, लई उड्या मारतात.

होटगीरोड_काका

मुलांनो, हे सगळं कालपरवाचं. १९८९ मध्ये कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट फायरस्टार्ट नावाचा गेम आला होता. डायनामिक्सनं बनवला, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं काढला. शनीच्या टायटन चंद्राजवळ प्रोमिथियस नावाचं संशोधन जहाज, त्याच्याशी संपर्क तुटलेला, आणि तपासाला पाठवलेला तू एकटा. आत शिरल्यावर थोड्याच वेळात एक प्रेत दिसतं, त्यानं मरता मरता भिंतीवर रक्तानं "डेंजर" लिहिलेलं. गोळ्या मोजक्या, कर्मचाऱ्यांच्या नोंदी वाचत वाचत काय झालं ते जुळवायचं, वेळेचं बंधन, आणि तू काय केलंस त्यावरून शेवट वेगवेगळे. सात रस्तावाल्यांच्या डेड स्पेसमध्येही भिंतीवर रक्तानं लिहिलेलं आहेच की, तिथं हातपाय तोडा म्हणून.

आमच्याकडं तेव्हा कमोडोर कुठला, मी नंतर व्हाइस एम्युलेटरवर, म्हणजे पीसीला कमोडोरसारखं वागवणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळलो. चित्रं ठोकळ्यांची आहेत. तरी कॉरिडॉरमधून चालताना संगीत एकदम बदलतं तेव्हा खुर्चीत सावरून बसावं लागतं.

पूर्वभागकर

काका, हे ऐकलंच नव्हतं. करून बघतो. तुमच्या त्या ६४ ला रॅम किती असायची?

होटगीरोड_काका

नावातच आहे. ६४ केबी.

हॉस्टेलवाली

धाग्यात घुसते, सॉरी. माझा लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मला काही चालेल का?

शेंगाचटणी

सिग्नालिस, डोळे झाकून. २०२२ चा, जर्मनीतल्या दोघांनी मिळून बनवलेला. जुन्या प्लेस्टेशनच्या वळणाचा, वरून दिसणारा, एका बर्फाळ ग्रहावरच्या खाणीत हरवलेल्या सोबतिणीला शोधणारी यंत्रस्त्री. एका वेळी सहाच वस्तू जवळ ठेवता येतात, त्यामुळे किल्ली घेऊ की गोळ्या यावर प्रत्येक खोलीच्या दारात विचार करावा लागतो.

सात_रस्ता

आणि पैसे कमी असतील तर आयर्न लंग. तोही २०२२ चा, तासाभरात संपतो. रक्ताच्या समुद्रात एका गंजक्या पाणबुडीत तुला कोंडलेलं. खिडकी झाकलेली. नकाशा, आकडे आणि एक कॅमेरा, बटण दाबलं की बाहेरचा धुरकट फोटो येतो. बस, एवढाच गेम. दुसऱ्या फोटोत पहिल्या फोटोत नसलेलं काहीतरी असतं.

हॉस्टेलवाली

रूममेट झोपल्यावर बघते. नको, ती जागी असताना बघते.

पूर्वभागकर

अपडेट. पंख्याखालून खरंच गादी निघाली, फॅनवाल्या भाऊंना दंडवत. सेलमध्ये आयसोलेशन आणि सोमा दोन्ही घेतले, पहिला आयसोलेशन लावला. वैद्यकीय विभागापर्यंत आलोय. एलियन छतातल्या भोकातून उतरला आणि मी समोर दिसलेल्या लॉकरमध्ये शिरलो. तो बाहेर फिरतोय. हातातल्या ट्रॅकरवर (हालचाल दाखवणारं यंत्र) ठिपका जवळ येतो, लांब जातो, परत जवळ. बाहेर कधी पडू?

जुळे_सोलापूर

पहिलं म्हणजे तो ट्रॅकर खाली कर. एलियन जवळ असला की त्याची टिकटिक त्यालाही ऐकू जाते. हेडफोन लावून नुसतं ऐक: पायांचा धपधप आवाज म्हणजे तो जमिनीवर आहे, वरून पत्र्याची खडखड आली म्हणजे व्हेंटमध्ये गेला. तो दाराशी येऊन वास घ्यायला लागला तर मागं सरकून श्वास रोख, पण फार वेळ नको, त्यानं तब्येत उतरते. वर गेला की निघ, आणि पळू नको, वाकून चाल.

आणि प्रत्येक वेळी लॉकरच धरू नको. टेबलाखाली किंवा एखाद्या पेटीच्या आडोशाला बसलास तर तो कुठं चाललाय ते दिसतं आणि दुसऱ्या बाजूनं सटकता येतं. लॉकरला दार एकच.

कडक_भाकरी

आणि छतातून लाळ गळताना दिसली तर त्याच्या खालून जाऊ नको बे.