सोमवारी सकाळी बिल छापले जात नाही: २००८ सालचा डेस्कटॉप आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर

प्रश्न (पंचवटी, नाशिक)

सर्वांना नमस्कार. दिंडोरी रस्त्यावर आमचे खते, बियाणे आणि कीटकनाशकांचे दुकान आहे. दुकानातील डेस्कटॉप २००८ सालचा असून त्यावर विंडोज एक्सपी आहे, आणि बिले करण्यासाठी त्याच काळात फॉक्सप्रो या डेटाबेस प्रणालीत तयार करून घेतलेले डॉसचे, म्हणजे विंडोजपूर्व काळातील पद्धतीचे, सॉफ्टवेअर, वेळोवेळी बदल करून, आम्ही आजही वापरतो. नऊ पिनांचा, ऐंशी कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जाड पॅरलल केबलने या संगणकाला जोडलेला आहे.

गेल्या अडीच महिन्यांपासून बहुतेक सोमवारी सकाळी पहिले बिल छापायला दिले की प्रिंटर जागचा हलत नाही आणि पडद्यावर प्रिंटर तयार नसल्याचा संदेश येतो. कागद नीट लावलेला असतो, ऑनलाइनचा दिवा लागलेला असतो, रिबिन नवी आहे. लाइन फीडचे बटण दाबून धरून प्रिंटर सुरू केला की स्वचाचणीचा कागद स्वच्छ छापून येतो. दुरुस्तीसाठी येणारे तंत्रज्ञ संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर जाऊन काही बदल करतात, मग तो आठवडा सुरळीत जातो आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच घडते. आता प्रिंटरचे आयुष्य संपले असून नवा लेझर प्रिंटर घ्यावा, असे त्यांचे म्हणणे आहे. परंतु जीएसटीच्या नियम ४८ प्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात. तीनपदरी कागदावर त्या एकाच वेळी निघतात, आणि हंगामात दुकानात रांग असताना ही सोय सोडणे आम्हाला जड जाईल.

आणखी दोन गोष्टी नोंदवतो. सोमवारी संगणकाची तारीखही दुरुस्त करून घ्यावी लागते, ती १ जानेवारी २००७ झालेली असते; अर्थात तिचा प्रिंटरशी संबंध नसावा. दुसरे असे की मागील महिन्यात एका बिलावर युरियाच्या गोणीचा दर २६६.५० ऐवजी ३७७/५१ असा छापला गेला आणि मोकळ्या जागी उद्गारचिन्हे उमटली. पडद्यावर मात्र आकडे बरोबर होते. संगणक बदलावा, प्रिंटर बदलावा की यूएसबीची काही व्यवस्था करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (सिडको)

नमस्कार. छपाईच्या रांगेत जुने काम अडकले असेल तरी असे होते. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम, थांबवावा, सिस्टिम३२ मधील स्पूल फोल्डरच्या आत प्रिंटर्स नावाचे फोल्डर आहे त्यातील फायली काढून टाकाव्यात आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. तेवढ्याने भागले नाही तर यूएसबीचे पॅरलल कन्व्हर्टर बाजारात सहज मिळते, ते लावून पाहावे.

उत्तर (सातपूर)

दादा, तारखेचा प्रिंटरशी संबंध नसावा असे आपण लिहिले आहे, परंतु माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळ त्या तारखेतच आहे. मी संगणक प्रयोगशाळेची व्यवस्था पाहते आणि जुन्या यंत्रांवर हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे.

संगणक बंद असतानाही घड्याळ चालू राहावे आणि बायोसमधील, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममधील, सेटिंग टिकून राहावे यासाठी मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची, सीआर २०३२ क्रमांकाची तीन व्होल्टची बॅटरी असते. भिंतीवरचा स्विच चालू असेल तर संगणक बंद करूनही पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे बॅटरी निकामी झाली तरी ते लक्षात येत नाही. वीज पूर्णपणे गेली की मात्र सारा भार त्या बॅटरीवर येतो आणि ती संपलेली असेल तर बायोस कारखान्यातून आलेल्या मूळ स्थितीला परत जातो. तारीख बदललेली दिसते, ती यामुळेच. पण त्याच वेळी पॅरलल पोर्टचे, म्हणजे प्रिंटरची केबल लागते त्या जोडाचे, सेटिंगही बदलते, आणि काही मदरबोर्डवर हा पोर्ट मूळ स्थितीत बंदच असतो. तंत्रज्ञ निळ्या पडद्यावर जाऊन दर वेळी तो पोर्ट सुरू करून देत असावेत; बॅटरी मात्र कोणी बदललेली दिसत नाही.

शनिवारी किंवा रविवारी आपल्याकडे बराच वेळ वीज नसते का, हे कृपया कळवावे. दरम्यान, पुढच्या वेळी प्रिंटर थांबला की लगेच बायोसमध्ये जाऊन पॅरलल पोर्ट बंद दाखवतो का ते पाहावे. तो चालू असावा, त्याचा पत्ता ३७८ आणि आयआरक्यू (प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या संकेताचा क्रमांक) ७ असावा, आणि डॉसच्या सॉफ्टवेअरसाठी मोड एसपीपी (साधा पॅरलल पोर्ट) किंवा नॉर्मल ठेवणे सर्वांत निर्धोक असते. बॅटरी बदलण्यापूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे. नंतर प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी आणि बाजूची पट्टी हलकेच दाबून बॅटरी काढावी. नवी बॅटरी बसवताना अधिकची खूण वरच्या बाजूस येऊ द्यावी.

एक कळकळीची विनंती आहे. सॉफ्टवेअरने ती २००७ ची तारीख उचलली असेल तर एखाद्या सोमवारची काही बिले चुकीच्या तारखेने गेली असण्याची शक्यता आहे. ती आजच तपासून घ्यावीत.

उत्तर (नाशिकरोड)

सातपूरच्या ताईंचे निदान मला पूर्णपणे पटते. मात्र ३७७/५१ हा दोष बॅटरीचा नव्हे, तो वेगळा आहे, आणि माझ्या दृष्टीने तो अधिक गंभीर आहे. कारण न छापलेले बिल लगेच लक्षात येते, चुकीचा आकडा छापलेले बिल मात्र शेतकऱ्याच्या खिशात जाते.

पॅरलल केबलमधून प्रत्येक अक्षर आठ तारांवरून एकाच वेळी जाते आणि प्रत्येक तार एक बिट, म्हणजे ० किंवा १, वाहून नेते. सर्वांत लहान बिटाची तार तुटली किंवा तिचा संपर्क सैल झाला, तर प्रिंटरच्या बाजूला ती रेषा बहुधा वर ओढलेली राहते, म्हणजे तिथे कायम १ वाचला जातो. परिणामी प्रत्येक सम क्रमांकाचे अक्षर पुढच्या विषम क्रमांकाचे होते आणि विषम क्रमांकाचे आहे तसेच राहते. आस्की संकेतात, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ० या अंकाचा क्रमांक ४८ आणि ९ चा ५७ असल्यामुळे २ चा ३ होतो, ६ चा ७ होतो, ० चा १ होतो आणि ५ तसाच राहतो. दशांशचिन्हाचा क्रमांक ४६, त्याची ४७ क्रमांकाची तिरकी रेघ होते. मोकळ्या जागेचा क्रमांक ३२, आणि ३३ म्हणजे उद्गारचिन्ह. आपल्या २६६.५० चे बरोबर ३७७/५१ व्हावे, यातच सारे निदान आले. ते बिल जपून ठेवले असेल तर इंग्रजी अक्षरांकडेही पाहावे. टी च्या जागी यू आणि एल च्या जागी एम आलेला दिसेल.

ही तार केबलच्या दोन्ही टोकांना दुसऱ्या क्रमांकाच्या पिनेवर असते. संगणकाकडे पंचवीस पिनांचा आणि प्रिंटरकडे छत्तीस संपर्कांचा जोड असतो. केबल काढून मल्टिमीटरने दोन्ही टोकांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पिनांमधील सातत्य, म्हणजे तार अखंड आहे का ते, तपासावे आणि तपासताना केबल वाकवून पाहावी, कारण असे दोष केबल सरळ असताना पुष्कळदा लपून राहतात. स्वचाचणी स्वच्छ आली म्हणून केबल निर्दोष ठरत नाही. त्या वेळी प्रिंटर स्वतःच्या स्मृतीतला मजकूर छापतो, केबलचा त्यात काहीच भाग नसतो. आणि संगणक व प्रिंटर दोन्ही बंद केल्याशिवाय ही केबल कधीही काढू किंवा लावू नये. चालू स्थितीत ओढाताण केल्याने पोर्ट जळालेले मी स्वतः पाहिले आहेत.

सिडकोच्या मित्रांनी सुचवलेल्या उपायांबद्दल थोडे सांगतो. आपले सॉफ्टवेअर डॉसचे आहे आणि ते एलपीटी-१ या, म्हणजे पहिल्या पॅरलल, पोर्टलाच मजकूर पाठवते. कन्व्हर्टर लावल्यावर विंडोजमध्ये यूएसबी००१ नावाचा निराळा पोर्ट तयार होतो, जो त्या सॉफ्टवेअरला दिसत नाही. त्यासाठी प्रिंटर शेअर करून नेट यूज या कमांडने एलपीटी-१ त्याच्याशी जोडून द्यावा लागतो. हे जमते, परंतु मूळ पोर्ट धडधाकट असताना या वाटेला जाण्याची गरज नाही. स्पूलर मोकळा करण्यात तोटा काहीच नाही, पण रांगेत अडकलेल्या कामामुळे संगणकाची तारीख मागे जात नाही.

प्रश्नकर्त्याकडून (पंचवटी)

उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, कारण दोन शनिवार जाऊ देऊन मगच लिहावे असे ठरवले होते.

ताईंनी विचारल्याप्रमाणे, आमच्या भागात शनिवारी देखभालीसाठी पाच-सहा तास वीज बंद असते. यूपीएस तासाभरात संपतो, त्यामुळे त्या दिवशी आम्ही बिले हातानेच लिहितो आणि रविवारी दुकान बंद असते. इतर दिवशी यूपीएस चार्ज व्हावा म्हणून भिंतीवरचा स्विच रात्रीही चालूच ठेवतो. सोमवारचे कोडे त्यामुळे उलगडले. बायोसमध्ये पॅरलल पोर्ट खरोखरच बंद दाखवत होता. शेजारच्या इलेक्ट्रिशियनने मोजली तेव्हा जुनी बॅटरी १.९ व्होल्ट भरली. नवी चाळीस रुपयांत मिळाली. पत्ता, आयआरक्यू आणि मोड आपण सांगितल्याप्रमाणे ठेवले, आणि दोन्ही सोमवारी पहिल्याच आज्ञेला बिल छापले गेले. तारीखही बरोबर होती.

केबलचे निदानही अचूक ठरले. प्रिंटरच्या जोडाची एका बाजूची तारेची पकड तुटलेली होती, आणि केबल तिथे वाकवली की दोन क्रमांकाचे सातत्य तुटत होते. केबल नवी घेतली. जुन्या बिलाची आमच्याकडची प्रत काढून पाहिली, तर टोटल या शब्दात टी च्या जागी यू आणि एल च्या जागी एम होता. रक्कम आम्ही पडद्यावर पाहून घेतली होती, म्हणून जास्त पैसे घेतले गेले नाहीत, तरी मखमलाबादच्या त्या शेतकऱ्यांना बोलावून नवे बिल दिले. २००७ ची तारीख पडलेली चार बिले सापडली असून ती हिशेब पाहणाऱ्यांकडे दुरुस्तीसाठी सोपवली आहेत.

उत्तर (नाशिकरोड)

फार समाधान वाटले. आता एक काम आजच उरकावे. हार्ड डिस्कही त्याच वयाची आहे, तेव्हा फॉक्सप्रोच्या सगळ्या फायली, म्हणजे डीबीएफ आणि त्यांच्या इंडेक्स फायली, दररोज दुकान बंद करताना पेन ड्राइव्हवर घ्याव्यात आणि तो पेन ड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी न्यावा. एक्सपीसाठीची सुरक्षा सुधारणा ८ एप्रिल २०१४ पासून थांबलेली आहे, त्यामुळे हा संगणक इंटरनेटला जोडू नये, आणि इतरत्र वापरलेला पेन ड्राइव्ह त्याला लावू नये.