ख्रिस्ती घरातला बाराही महिन्यांचा पाहुणचार : आपले अनुभव लिहा

सांडोरची लेक :
नाताळात सगळ्यांचीच दारं उघडी असतात. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा बघायला शेजारची पोरं येतात, फराळाची ताटं इकडून तिकडे जातात. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, ते बाजूला ठेवू. मला उरलेल्या वर्षाबद्दल ऐकायचंय. तुमच्या घरी कोण राहिलं, कुठे झोपलं, चुलीपाशी कोण होतं, आणि खर्चाचं काय? पाहुणे म्हणून गेला असाल तरी लिहा. तक्रारी असतील तर आधी त्या लिहा.

माझ्यापासून सुरुवात. आमची वाडी वसईला. केळी, पानवेल, थोडी भाजी. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची माणसं कामाला यायची आणि आमच्या पडवीत राहायची. भात सगळ्यांचा एकाच टोपात. पण ती मंडळी ओट्यावर जेवायची, आम्ही आत. कॉलेजात गेल्यावर मला ते खुपायला लागलं. आजी म्हणाली, "मी बोलावते, तेच येत नाहीत." त्यांच्यातली एक मावशी म्हणाली, "आत बसलं की बिडी ओढता येत नाही." दोन्ही खरं असावं. मजुरी देऊन ठेवलेल्या माणसांना पाहुणे म्हणावं का, हाही प्रश्न आहेच. एका वर्षी मात्र त्यांच्यातली एक जण दिवस भरत आल्यावर आमच्याकडेच राहिली. आतली खोली तिची झाली आणि आजोबांची खाट पडवीत गेली. आजोबांनी कुरकुर केली, पण ती थंडीबद्दल.

पाळकाची मुलगी :
तक्रार मागितलीत, घ्या.

वडील नगर जिल्ह्यात पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. घर मंडळीचं, म्हणजे चर्चचं, दर काही वर्षांनी बदली, त्यामुळे आमचं म्हणावं असं त्या घरात फार काही नव्हतंच. शनिवारी संध्याकाळी खेड्यांवरून लोक यायचे, कारण रविवारच्या उपासनेला वेळेवर पोचवणारी एसटी नव्हती. मार्चमध्ये दहावीची पोरं, सेंटर गावात म्हणून. नवऱ्याने मारलं म्हणून मध्यरात्री लेकरं घेऊन आलेल्या बाया. दवाखान्यात पेशंट असलेले नातेवाईक, आणि त्या नातेवाइकांना भेटायला आलेले आणखी नातेवाईक. माझी गादी कायम दुसऱ्या कोणाची तरी. अभ्यासाचं टेबल म्हणजे कोणाच्या तरी पिशव्या ठेवायची जागा.

बाबा दारातच "सलाम, सलाम, या" म्हणायचे. त्यांचं काम तिथे संपायचं आणि आईचं सुरू व्हायचं. जेवणाआधीची त्यांची प्रार्थना लांबलचक. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आई मात्र डोळे उघडे ठेवून माणसं मोजायची आणि आमेनच्या आत डाळीत पाणी पडलेलं असायचं. पाळकाच्या पगारात हे भागणं शक्यच नव्हतं. मंडळीतले लोक ज्वारी, शेंगा, कधी कोंबडी आणून देत, उपकारस्तुतीच्या, म्हणजे सुगीच्या, सणानंतर घरात धान्य दिसे, त्यावर गाडं चाले.

रेव्हरंड टिळकांची भजनं आम्ही टाळांवर म्हणत मोठे झालो. त्यांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या घरातही कायम दुसऱ्यांची मुलं असायची, हे बाबा उपदेशात हमखास सांगत. एकदा आई घरी येऊन म्हणाली, "टिळकांचं सांगता, तर भाकरी कोण थापायचं तेही सांगत जा." पुढच्या रविवारी बाबांनी खरंच सांगितलं. बायका हसल्या, पुरुष गप्प.

आज मी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते आणि कोणी मुक्कामाला येतो म्हटलं की आधी पोटात गोळा येतो. मग मी गादी काढते.

कोरडा झालेला :
मी ख्रिश्चन नाही, पाहुण्यातला आहे. २६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे नंतर वाचलं; तेव्हा फक्त कमरेचं पाणी छातीकडे सरकताना कळत होतं. कलिन्याच्या गावठाणात एका जुन्या घराच्या लाकडी जिन्यावर आम्ही चार-पाच अनोळखी माणसं चढून उभे होतो. वरून हाक आली, "जिन्यावर काय उभे? वर या सगळे!" चक्क मराठीत. ईस्ट इंडियन लोक मुंबईचे मूळचे ख्रिस्ती रहिवासी, घरात मराठीचीच एक बोली बोलतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी त्यांना मनातल्या मनात गोव्याचे करून टाकलं होतं.

वर आधीच पंधरा-वीस जण. अंकल कपाट रिकामं करून कोरडे कपडे वाटत होते. शर्ट संपले तेव्हा मी पोचलो, म्हणून मला त्यांचा लग्नातला कोट मिळाला. तो घालून मी मेणबत्तीच्या उजेडात जमिनीवर बसून जेवलो. मी शाकाहारी, ते सांगायची लाज वाटत होती. आंटींनीच विचारलं आणि बटाट्याचा रस्सा टाकला. एका जैन मुलीला बटाटाही चालत नव्हता. तिला केळी आणि पोहे. रात्री घरच्यांनी जपमाळेची प्रार्थना म्हटली. आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही, उठा म्हटलं नाही. काही जण झोपले, काही ऐकत राहिले. सकाळी मोठा प्रश्न एकच, एक संडास आणि एवढी माणसं. आंटींनी रांग लावली, म्हातारे आधी, कोटवाले शेवटी.

पाळकाची मुलगी :
कोट परत दिलात का?

कोरडा झालेला :
ड्रायक्लीन करून. आंटी म्हणाल्या, आता लग्नाचं बोलावणं दे. दिलं. दोघं आले, अंकल तोच कोट घालून.

केडगावची पणती :
माझी पणजी मूळची गुजरातची. छप्पन्नच्या (संवत १९५६) दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, पंडिता रमाबाईंनी तिकडून ज्या मुली केडगावला आणल्या त्यांत ती होती. मराठी ती तिथल्या रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्येच शिकली. तिला माहेर नव्हतं, तिच्याबरोबर वाढलेल्या बहुतेकींना नव्हतं. म्हणून लग्नं झाल्यावर या मुली एकमेकींकडेच माहेरपणाला जायच्या. बाळंतपणं एकमेकींकडे, साडीचोळी एकमेकींची. दौंड, पुणे, सोलापूर, जिथे जिचा संसार तिथे दुसऱ्या पाच जणींचं माहेर. आमच्या आजीला मावश्या इतक्या की नावं पाठ करायला लागायची, आणि त्यांत रक्ताची एकही नाही. आता कोण कोणाचं हे नीट सांगणारं माणूस उरलेलं नाही. लग्नपत्रिका अजून जातात. परवा दौंडहून एक मुलगा नोकरीच्या मुलाखतीला आला, "तुमच्या आजीच्या मावशीचा..." एवढंच म्हणाला. पुढचं विचारलं नाही, त्यालाही माहीत नसावं. आठवडाभर राहिला.

मडगावजवळचा :
गोव्यात लग्नाआधी 'भिकाऱ्यांचें जेवण' असतं. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने गरिबांना घरी बोलावून जेवू घालायचं, तेही इतर पाहुण्यांच्या आधी. हल्ली बरेच जण वृद्धाश्रमात जेवण पाठवून मोकळे होतात. भावाच्या लग्नात वडील अडून बसले, घरातच व्हायला हवं. मग बालकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, टेबल मांडलं आणि नवऱ्या मुलाने स्वतः वाढलं. एक म्हातारा पहिल्याच घासाला म्हणाला, "मीठ कमी पडलंय." आचाऱ्याचा चेहरा उतरला, पण वडील खूश. त्यांच्या मते खरा पाहुणा तोच.

सायबिणीचंही, म्हणजे मारियामातेचंही, सांगतो. तिची मूर्ती वाड्यावर, म्हणजे वस्तीत, घरोघर फिरते, एक-एक रात्र एकेका घरी. मागोमाग अख्खा वाडा येतो, लादीन, म्हणजे गाऊन म्हटलेली प्रार्थना, होते, मग उकडलेले चणे आणि थोडी फेणी. हिंदू शेजारीही येतात. ती येणार म्हणून घराला रंग द्यावा लागतो, हा फायदा वेगळाच.

कुवेतहून :
इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, तीही शुक्रवारी. ती सुटली की वसईची एकटी राहणारी पोरं आमच्या दोन खोल्यांत. नवरा फोनवर सांगतो, "अजून दोघे येतायत." त्या दोघांचे सहा होतात. शेवटी मी नियम काढला, मासे जो आणेल त्यानेच साफ करायचे. काही जण यायचे बंद झाले. उरलेले आता माझ्यापेक्षा बरे मासे साफ करतात.

@पाळकाची मुलगी, आईला माझा सलाम सांगा.

हरेगाववाली :
श्रीरामपूर तालुक्यातलं आमचं गाव. सप्टेंबरात मतमाऊलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा, आणि घर चर्चच्या वाटेवर. नगर, नाशिक, जालना, संभाजीनगर, कुठकुठून लोक येतात, कितीतरी चालत. सगळे ख्रिस्ती नसतात, नवस फेडायला कोणीही येतं. गावातला साखर कारखाना बंद पडला तसा गावातला पैसा आटला, यात्रा मात्र वाढतच गेली. आमच्याकडे ठरलेली कुटुंबं उतरतात, आधी विचारत नाहीत. पीठ, तेल, स्टोव्ह त्यांचा, जागा आणि पाणी आमचं. खरी ओढाताण पाण्याचीच. तीन पिंपं भरून ठेवते, दुपारपर्यंत तळ दिसतो. सासूबाई नळापाशी खुर्ची टाकून बसतात आणि पाय धुणाऱ्यांना एकच तांब्या देतात.

यंदा कोणी येणार असेल तर या, अंगण मोठं आहे. अंथरूण आणा, पिण्याच्या पाण्याचा कॅन आणा, आणि गाडी जरा लांब लावा. दारासमोर लावलीत तर सासूबाईंशी गाठ आहे.