पाणी आठव्या दिवशी येतं, मग कोरडा दिवस पाळायचा कसा?

गल्ली_सात
नमस्कार मंडळी. आमच्या भागात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. प्रत्येक घरी २०० लिटरचे दोन-तीन निळे ड्रम आणि न्हाणीजवळ सिमेंटचा हौद. आशाताई टॉर्च घेऊन येतात, आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा (म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करा), डासांच्या अळ्या दिसल्या की पाणी ओतून द्या म्हणतात. ओतलं तर पुढचे चार दिवस वापरायचं काय? टँकर सगळ्यांना परवडत नाही. गल्लीत दोन घरांत डेंग्यू निघाला आहे. पाणी न फेकता अळ्या कशा काढायच्या, औषध किती टाकायचं, आणि धूर फवारणीसाठी पालिकेच्या मागे लागावं का, एवढं नेमकं सांगा.

अळीतपासनीस
पाणी फेकू नका, गाळा. जुन्या सुती साडीचे दोन पदर करून रिकाम्या, घासलेल्या ड्रमच्या तोंडावर बांधा आणि बादली-बादलीने पाणी त्यातून दुसऱ्या ड्रममध्ये घ्या. अळ्या आणि कोष (स्वल्पविरामासारखे वाकडे, टपकन खाली बुडी मारणारे) कापडावर राहतात. कापड उन्हात टाकलं की ते मरतात. पाणी वापरायला मोकळं.

पण गाळून काम अर्धंच होतं. डेंग्यूच्या डासाची मादी पाण्यावर तरंगती अंडी घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओलसर भिंतीला चिकटवते. टॉर्च तिरपा धरून बोट फिरवलं तर बारीक काळे ठिपके लागतात, मोहरीपेक्षा बरेच लहान. ड्रम कोरडा पडला तरी ही अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. म्हणून अर्ध्या ड्रमात नवीन पाणी वरून भरणं ही सगळ्यात वाईट सवय. आठवडाभर चिकटलेली अंडी आपणच बुडवतो.

घासायचं ते काथ्याने किंवा ताठ ब्रशने, धुण्याची पावडर लावून. तळापेक्षा वरच्या कडेला जास्त जोर लावा. ड्रमच्या आतल्या वळ्या आणि झाकणाची खाच सुटते, तिथे हमखास अंडी राहतात. धुतलेलं पाणी कोरड्या मातीवर, उन्हात ओता.

आठ दिवसांचं गणित असं बसवा: अंडं फुटून डास उडायला पावसाळ्यात ७ ते १० दिवस लागतात, म्हणजे तुमची पाळी अगदी काठावर आहे. प्रत्येक ड्रमवर भरल्याची तारीख खडूने लिहा, जुन्या तारखेचा आधी संपवा. पाणी यायच्या आदल्या दिवशी निदान एक ड्रम रिकामा होईल असं बघा. तो घासा, उरलेलं पाणी त्यात गाळून घ्या, मग सुटलेले ड्रम घासा. भरणं सगळ्यात शेवटी.

मात्रा_मोजून
औषधाबद्दल. टेमिफॉस (लोक अ‍ॅबेट म्हणतात) साठवलेल्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त जाता कामा नये. १ टक्का दाणेदार असेल तर १०० लिटरला १० ग्रॅम, म्हणजे तुमच्या भरलेल्या ड्रमला २० ग्रॅम. ५० टक्क्यांचं द्रावण मात्र घरी हाताळू नका. २०० लिटरला ते फक्त ०.४ मिलिलिटर लागतं. चहाचा चमचा भरून टाकला तर मात्रा बारा पट होते. ते आरोग्य कर्मचाऱ्यांनाच मोजून टाकू द्या.

औषध टाकल्यावर ड्रम निम्मा वापरून पुन्हा भरला की मात्राही निम्मी होते. ‘औषध टाकलं तरी अळ्या झाल्या’ ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. शिवाय कोष काही खात नाहीत, त्यामुळे बीटीआयची पावडर (अळ्यांनी खाल्ली की त्यांना मारणारं जिवाणूंचं औषध) त्यांच्यावर चालत नाही. कोष दिसले तर गाळणं हाच उपाय. रॉकेल, जळकं ऑइल हे तुंबलेल्या गटारापुरतं. वापरायच्या पाण्यात थेंबही नको.

गल्ली_सात
धन्यवाद. वरून भरायचं नाही हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. दोन शंका. झाकणं असूनही अळ्या होतात, ते का? आणि हौद रिकामा करणं शक्यच नाही, त्याचं काय?

अळीतपासनीस
झाकण वेडंवाकडं असेल तर बोटभर फट मादीला पुरते. झाकणाखाली सुती कापड ताणून बांधा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून वरून आवळा. कापड झोळीसारखं लोंबून पाण्याला टेकलं तर मादी त्या ओल्या कापडावरही अंडी घालते, म्हणून ते ताठच हवं. पाणी काढून झालं की लगेच परत बांधायचं. दिवसभर उघडं ठेवून रात्री झाकण्यात अर्थ नाही, हा डास दिवसाच फिरतो.

हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, लांबीच्या दर मीटरला ५ ते १०. आरोग्य केंद्रात चौकशी करा, फुकट मिळतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना सोसत नाही, म्हणून एकदम हौद भरू नका, थोडं जुनं पाणी राखून ठेवा. त्या हौदात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचं नाही. नदी-ओढ्यात हे मासे सोडू नका, तिथल्या देशी माशांची पिल्लं ते खातात.

तापाची_नोंद
धूर फवारणीचं बोलते. धुराने त्या वेळी उडणारे डास मरतात, अळ्या आणि अंडी जशीच्या तशी राहतात. आणि हा डास बसतो घरात: पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे. रस्त्यावरून गेलेला धूर बंद दारं-खिडक्यांतून आत येत नाही. पालिकेकडे मागायचंच तर रुग्णाच्या घराभोवतीच्या घरांत आतून पायरेथ्रम (डास मारायचं औषध) फवारणी मागा (२ टक्के अर्क १ भाग, रॉकेल १९ भाग) आणि सोबत घरोघरी अळ्यांची तपासणी. हा डास साधारण १०० ते ४०० मीटरच उडतो, म्हणजे तुमच्या दोन रुग्णांना चावलेला डास बहुधा त्याच गल्लीतला.

त्या दोघांना दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत त्यांच्या रक्तातून विषाणू डासाकडे जातो आणि ८ ते १२ दिवसांनी तोच डास शेजाऱ्यांना डेंग्यू देतो. गल्लीत गरोदर बाई असेल तर तिलाही दिवसा जपा. गर्भातल्या बाळाला इजा करू शकणारा झिकाचा विषाणूही हाच डास पसरवतो. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला होता.

रक्ताची तपासणी पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी), त्यानंतर आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी), दोन्ही एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने. तापाला पॅरासिटामॉलच. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला की लोक निर्धास्त होतात, धोका नेमका तेव्हाच असतो, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवशी. पोटात जोराने दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, एकदम गळून जाणं किंवा कासावीस होणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी अहवालाची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.