सतत क्लब बदलणाऱ्या फुटबॉलपटूची कारकीर्द अयशस्वी मानावी का?

चर्चा प्रस्ताव

गावोगावच्या क्लबांतून खेळत फिरणाऱ्या व्यावसायिक फुटबॉलपटूला इंग्लंडमध्ये ‘जर्नीमन’ म्हणतात. मुळात हा शब्द उमेदवारी संपवून रोजंदारीवर राबणाऱ्या कारागिरासाठी होता. आज तो उच्चारताना लोकांचा सूर किंचित तुच्छतेचा असतो आणि तो मला मान्य नाही. 1966 साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्समथमध्ये जन्मलेल्या स्टीव्ह क्लॅरिजचेच पाहा. बोर्नमथकडून सुरुवातीला जेमतेम काही सामने मिळाले, म्हणून तो लीगबाहेरच्या वेमथकडे गेला आणि पुढे ऑल्डरशॉट, केंब्रिज, ल्यूटन, बर्मिंगहॅम असे करत 1996 च्या मार्चमध्ये लेस्टरला पोहोचला. त्याच वर्षी 27 मे रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस प्रीमियर लीग या सर्वोच्च विभागातील जागेसाठी झुंजत होते. जादा वेळ संपत आला होता, 1-1 अशी बरोबरी होती आणि पेनल्टींच्या तयारीने लेस्टरने कलाच हा उंचापुरा राखीव गोलरक्षक मैदानात उतरवलाही होता. तेवढ्यात क्लॅरिजने लांबून मारलेला चेंडू त्याच्या नडगीवरून उडून जाळ्यात गेला. पॅलेसचा नायजेल मार्टिनसारखा गोलरक्षक जागचा हललाही नाही. घोट्यापर्यंत घसरलेल्या मोज्यांनी खेळणाऱ्या या माणसाला मी यशस्वीच म्हणेन.

प्रतिसाद

असहमत. एका गोलाने कारकीर्द ठरत नाही. त्याच दक्षिण किनाऱ्यावर मॅट ल टिसिए 1986 पासून 2002 पर्यंत एकट्या साउदॅम्प्टनसाठी खेळला आणि त्याने 209 गोल केले. मोठे क्लब त्याच्यावर डोळा ठेवून होते, तरी तो हलला नाही. प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या एकाच क्लबवर जीव लावतात. खेळाडूनेही काही वर्षे तरी तिथे मुळे धरावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

उपप्रतिसाद

क्लॅरिज स्वतःहून क्लब सोडून गेला असे आपण गृहीत धरता. एप्रिल 1997 मध्ये मिडल्सब्रोविरुद्धच्या लीग कप अंतिम फेरीच्या फेरसामन्यात जादा वेळेतला एकमेव गोल त्याचाच होता आणि त्या विजयामुळे लेस्टर युरोपात खेळले. त्या उन्हाळ्यात टोनी कॉटी हा दुसरा आक्रमक लेस्टरकडे आला, आणि मार्च 1998 मध्ये क्लॅरिजची वुल्व्ह्ज या क्लबला विक्री झाली. अकरा महिन्यांत! मुळे धरायला क्लबने जमीन तर ठेवली पाहिजे.

प्रतिसाद

मला चिंता वाटते ती खालच्या विभागांतल्या असुरक्षिततेची, जिच्याकडे अशा रम्य कथांमुळे दुर्लक्ष होते. क्लॅरिज 1990 मध्ये ऑल्डरशॉट सोडून केंब्रिजला गेला. मार्च 1992 मध्ये ऑल्डरशॉट क्लब हंगामाच्या मध्यावरच बुडाला आणि त्याच्या त्या हंगामातील सर्व सामन्यांचे निकाल रद्द झाले. तिथे अखेरपर्यंत टिकून राहिलेल्या खेळाडूंना त्यांच्या निष्ठेचे काय मिळाले?

प्रतिसाद (पहिले असहमत सदस्य)

ऑल्डरशॉटचा मुद्दा मान्य. परंतु डिसेंबर 2006 मध्ये चाळिशीच्या क्लॅरिजला बोर्नमथने बोलावले, तो त्याचा हजारावा सामना ठरला, आणि पोर्ट व्हेलकडून संघ 0-4 असा हरला. याला कर्तृत्व म्हणायचे की उपकार?

प्रस्तावकर्ता

तो एक सामना उपकाराचा होता असे मानू. पण त्याआधीचे 999 सामने कोणत्याही व्यवस्थापकाने त्याला दयेपोटी खेळवले नव्हते. दर वेळी नव्या गावात, नव्या सहकाऱ्यांसमोर त्याला संघातली जागा नव्याने कमवावी लागली. ल टिसिएला मी कमी लेखत नाही, मात्र ही परीक्षा त्याला कधी द्यावी लागली नाही.